बघायला पैसे पडत नाहीत

गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली छापून बाहेर पडलं, तेव्हा आज पाहुण्याला दाखवतात त्यातलं जवळपास काहीच मुंबईत उभं नव्हतं. व्ही.टी. नाही, राजाबाई टॉवर नाही, क्रॉफर्ड मार्केट नाही. गेटवेच्या जागी नुसतं बंदर. तरी माडगांवकरांना सांगण्यासारखं इतकं सापडलं की चांगलं जाडजूड पुस्तक झालं. देशी भाषेत लिहिलेलं एखाद्या शहराचं पहिलं चरित्र म्हणून आज त्याचा मान आहे. माडगांवकर मूळचे गोव्याकडचे, पेशाने शिक्षक. बंदर, देवळं, तळी, पेठा, जत्रा, नाना जातींच्या माणसांचे पोशाख असं सगळं ते एका दमात सांगत जातात. बघण्याची ठिकाणं निराळी आणि खरेदीची निराळी, अशी वाटणी त्यांच्या मुंबईत दिसत नाही.

ती पुढेही फारशी झाली नाही. बाहेरगावच्या माणसाला इथे बाजार ‘दाखवायला’ नेतात. घेणार काहीच नसलं तरी नेतात. आणि दुकानदारही त्याला हाकलत नाही. ‘या की आत, बघायला काय पैसे पडतात?’ म्हणतो. बघणं फुकट आणि घेणं ऐपतीप्रमाणे, हा मुंबईचा पाहुण्याशी असलेला जुना व्यवहार. तो मोडायचा प्रयत्न एकदा झाला, तोही अगदी अलीकडे. पण ते पुढे येईलच.

माडगांवकरांचं पुस्तक निघालं त्याच वर्षी बोरघाटातला लोहमार्ग पुरा झाला. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली होती खरी, पण घाटावरच्या माणसाला तिचा उपयोग काय? मधला घाट पालखीने किंवा पायी उतरावा लागे. १८६३मध्ये ती अडचण सरली आणि पुण्याचा माणूस डब्यात बसल्या बसल्या मुंबईत उतरू लागला. कोकणातले लोक गलबतांनी येतच होते, त्यांच्यासाठी पुढे आगबोटी सुरू झाल्या. उतरायचं कुठे हा प्रश्न मात्र दोघांनाही सारखाच. बहुतेकांचं उत्तर एकच: गिरगावात, भुलेश्वरात किंवा पुढे परळ-लालबागेत चाळीतल्या एखाद्या खोलीत आधीच दहा माणसं असतील, तिथे अकरावं व्हायचं. गोव्याहून येणाऱ्या खलाशांनी धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाचे ‘कूड’ काढले होते. त्यात जहाज मिळेपर्यंत मुक्काम, सामायिक देव्हारा आणि भिंतीला लागून ट्रंकांची रांग. ज्याच्या खिशात चार पैसे आहेत असा मराठी पाहुणा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरे. लोकमान्य टिळक मुंबईत आले की मुक्काम तिथेच, आणि १ ऑगस्ट १९२०ला त्यांचा अंतही तिथेच झाला.

सरदारगृहातून बाहेर पडलं की चार पावलांवर मुंबईतलं पाहुण्यांचं लाडकं ठिकाण होतं. १८६९मध्ये बांधून झालेल्या या मंडईला नाव मिळालं पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं. आता ती महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, पण टॅक्सीवाल्याला अजून जुनंच नाव कळतं. बांधणाऱ्यांचा हेतू काही शहराला शोभा आणण्याचा नव्हता. उघड्यावर, गटारांच्या कडेला विकली जाणारी भाजी, फळं आणि मांस एका छपराखाली आणायचं, जागा धुता येईल अशी करायची आणि मालावर नगरपालिकेची नजर ठेवायची, एवढाच. पण विल्यम इमर्सन या वास्तुविशारदाने त्याला मनोरा दिला, घड्याळ दिलं, आत नक्षीचं कारंजं दिलं. दरवाजांवरच्या कमानीत शेतकऱ्यांची दगडी चित्रं बसवली. ती घडवणारे लॉकवुड किपलिंग समोरच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवत होते. त्यांचा मुलगा रुडयार्ड त्याच आवारात १८६५मध्ये जन्मला. फरशीचे दगड थेट स्कॉटलंडहून आणले. भाजी घ्यायला येणाऱ्या माणसाने इतक्या लांबून आलेल्या दगडावर चिखलाचे पाय ठेवावेत, ही चैन कापसाच्या पैशाने फुगलेल्या मुंबईलाच परवडणारी होती.

कापसाचा पैसा म्हणजे अमेरिकेतल्या यादवीचा. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपली, भाव कोसळले, बँका बुडाल्या, पण त्या चार-पाच वर्षांत मोठेपणाची जी स्वप्नं मुंबईने पाहिली होती, ती पुढच्या पंधरा-वीस वर्षांत दगडात उतरली.

मंडईत आत शिरलं की डाव्या-उजव्या हाताला फळांच्या उतरंडी. मे महिन्यात देवगड-रत्नागिरीच्या पेट्या येत. गवतात बसवलेल्या हापूसचा वरचा थर उचलून फळवाला एक आंबा नाकाशी धरी. पाहुण्याने तेवढ्यावर भुलायचं की गवत बाजूला सारून खालचा थरही बघायला मागायचा, यावर त्याची हुशारी ठरे. सोबतचा मुंबईकर नातेवाईक असेल तर खालचा थर तोच उपसे आणि मग भावाची जी जुगलबंदी रंगे, ती बघायला बाजूचे गिऱ्हाईकही थांबत. मागच्या अंगाला पिंजऱ्यात पोपट, कबुतरं, ससे, कुत्र्याची पिल्लं. पोरांना तिथून हलवणं म्हणजे कठीण काम! या भागात विकत घेणाऱ्यांपेक्षा बघणारेच कायम जास्त, आणि विकणाऱ्यांनाही ते ठाऊक असे.

मंडईच्या पलीकडे ‘गावातली’ मुंबई सुरू होई. इंग्रजी मार्गदर्शिका इथून जरा घाईघाईने निघून जातात. बॉम्बे गॅझेटचे संपादक मॅकलीन यांची ‘गाइड टू बॉम्बे’ १८७५पासून निघू लागली. ती जहाजाने आलेल्या साहेबासाठी. त्याचं हॉटेल, क्लब, समुद्राची हवा आणि घारापुरीची सहल हे तिचं जग. मराठी पाहुण्याचं जग उलट इथेच सुरू होई. मुंबादेवीचं दर्शन घ्यायचं आणि देवळाच्या दारातून निघालं की सरळ झवेरी बाजार. भुलेश्वराला जाताना फुलांची गल्ली, पुढे पांजरपोळात गाईंना चारा घालायचा. १८३४मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून काढलेलं हे जनावरांचं आश्रयस्थान पाहुण्यांच्या फेरीत सहज बसलं. पुण्य पदरात पडे आणि भर बाजारात शेकडो गाई बघायला मिळत.

तांबाकाट्यावरची भांड्यांची खरेदी मात्र गंमत नव्हती. लग्नघरची माणसं खास तेवढ्यासाठी मुंबईला येत. हंडे, कळशा, घंगाळं, पराती दुकानाच्या दारापासून माळ्यापर्यंत रचलेल्या. भाव वजनावर, वर घडणावळ. जाणती बाई आधी भांडं उचलून बोटाच्या पेराने वाजवून बघे. सांधा नीट बसलेला नसला तर नाद बद बोलतो. मग बूड, मग काठ. गावाहून आणलेलं फुटकं तांबं-पितळ मोडीत घालायचं, त्याचं वजन वजा करायचं, आणि उरलेल्या रकमेवर दोन तास. सौदा पटला की दुकानातला पोऱ्या छिन्नी-हातोडी घेऊन बसे आणि टिंब टिंब ठोकत नाव घाली: नवऱ्या मुलीचं, देणाऱ्याचं, कधी तिथीसकट. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर असे हंडे अजून सापडतात. एखाद्या कुटुंबाच्या मुंबईवारीचा तेवढाच लेखी पुरावा उरलेला असतो.

कापडासाठी मूळजी जेठा मार्केट आणि मंगळदास मार्केट. त्या गल्ल्यांत गाद्या-तक्क्यांवर बसलेले व्यापारी ठाण फर्रकन उलगडत. दहा उलगडले तरी कपाळाला आठी नाही. बघण्याच्या फुकटेपणाचा कळस इथेच व्हायचा.

जिथे घेण्यासारखं काही नव्हतंच, अशी निव्वळ बघण्याची सोयही त्याच काळात झाली. भायखळ्याची राणीची बाग १८६२मध्ये खुली झाली आणि तिच्या आवारातलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १८७२मध्ये. त्यासाठी पैसा जमवायला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी खूप खटपट केली. १९७५मध्ये संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं. आत मातीच्या छोट्या छोट्या मूर्तींतून कारागीर, साधू, विणकर, निरनिराळ्या पगड्या घातलेले लोक मांडलेले. म्हणजे तासाभरापूर्वी भुलेश्वरात ज्यांना धक्के मारत पाहुणा आला, तेच लोक इथे काचेआड!

बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाचं नाव पाडलं होतं. १८६४मध्ये तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणून टाकले आणि १९१४मध्ये पुन्हा जोडले. त्या हत्तीच्या पाठीवरच्या सांध्यांच्या रेषा बघितल्या की साहेबाच्या खरेदीच्या हौसेचीही कल्पना येते. हौस तरी किती? १८७५मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आले तेव्हा घारापुरीच्या लेण्यात, शंकराच्या साक्षीने, त्यांना मेजवानी देण्यात आली.

राणीची बाग, मंडई, कुलाबा ही ठिकाणं एका दिवसाच्या फेरीत बसवली ती ट्रामने. ९ मे १८७४ला कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. कंपनीच्या पागेत ९०० घोडे होते. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीटच नसे. पैसे द्यायचे आणि बसायचं. लोक फुकट बसू लागले तेव्हा तिकिटं आली. भाडंही लवकरच दोन आण्यांवर उतरलं. ७ मे १९०७ला विजेची ट्राम धावली, १९२०मध्ये दुमजली. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की पाहुण्याला दुसरं काही नको असे. दुकानांच्या पाट्या, पहिल्या मजल्यावरच्या गॅलऱ्या, गॅलरीतल्या बायका, खाली माणसांचा पूर, सगळं एका नजरेत. काही न विकत घेता मुंबई बघायची तर आणा-दोन आण्यांत याहून चांगली सोय नव्हती.

पुढे व्ही.टी. आलं. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८मध्ये सुरू झालेलं काम १८८८मध्ये पुरं झालं. तेव्हापासून मुंबईतली पहिली बघण्याची जागा म्हणजे पाहुणा जिथे उतरतो ती. डोक्यावर वळकटी घेतलेला माणूस घुमटाकडे बघत उभा आहे आणि मागून हमालाच्या शिव्या येताहेत, हे दृश्य तेव्हापासून आजतागायत चालू आहे. १८७८मध्येच पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरचं मात्र तसं झालं नाही. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने दिलेल्या पैशातून उभा राहिलेला हा २८० फुटी मनोरा चढून शहर बघण्याची मोठी हौस लोकांना होती. १८९१मध्ये दोन पारशी तरुणी तिथून पडून मरण पावल्या; खुनाचा खटला झाला, वर्तमानपत्रांत महिनोन् महिने रणं माजली. आता तो मनोरा खालून मान उंच करूनच बघायचा असतो.

१८८९मध्ये आचार्य आणि शिंगणे या जोडीने ‘मुंबईचा वृत्तांत’ लिहिला, त्याच्या आगेमागे मुंबईत खरेदीचं एक वेगळंच जग उभं राहू लागलं. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, आणि काळ्या घोड्याच्या बाजूला विलायती दुकानं निघाली. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, व्हाइटअवे लेडलॉ. काचेच्या मोठ्या खिडक्या, मालावर किमतीच्या चिठ्ठ्या, घासाघीस नाही, उधारी नाही. मराठी पाहुण्याला हे विलक्षण वाटलं असणार. भावच करता येत नसेल तर दुकानात बोलायचं काय? या दुकानांत शिरण्याचा धीर थोड्यांनाच झाला, पण खिडकीबाहेर उभं राहायला कुणाची आडकाठी नव्हती. आत मांडलेली छत्री, टोपी, चिनी मातीची बशी आणि तिच्यावरचा आकडा वाचून घरी जाऊन सांगणं, हीसुद्धा एक मिळकतच होती.

एका दरात आणि रोखीत विकण्याची ती पद्धत पुढे स्वदेशीवाल्यांनीही उचलली. वंगभंगानंतर, १९०६मध्ये, ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स’ सुरू झालं; त्याच्या मागे टिळकांचा जोर होता. बाहेरगावचा माणूस आता मुंबईत येऊन देशी साबण, देशी कापड शोधू लागला. काय घेतलं यापेक्षा काय घेतलं नाही हे गावात सांगण्याची टूम निघाली.

१९२१च्या ३१ जुलैला परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींच्या हस्ते विलायती कपड्यांची होळी झाली, आणि १९३०मध्ये त्या आगीची धग थेट काळबादेवीच्या बाजारात पोचली. मूळजी जेठा मार्केटसमोर निदर्शनं चालू होती. १२ डिसेंबरला विलायती कापडाने भरलेला ट्रक पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेर काढला जात होता. त्याच्यापुढे बाबू गेनू आडवा पडला. हा मूळचा पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणीत काम करणारा, विशीतला पोरगा. ट्रक अंगावरून गेला. ज्या रस्त्यावर पिढ्यान् पिढ्या गावची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला येत होती, त्या रस्त्यावर गावाकडचाच एक जण कापडाच्या गाडीखाली मेला. मुंबईच्या खरेदीचा इतिहास लिहिताना ही तारीख टाळता येत नाही. व्हाइटअवे लेडलॉच्या त्याच आलिशान इमारतीत पुढे खादी भांडार आलं आणि कित्येक वर्षं परदेशी प्रवासीही तिथे कुर्ते घ्यायला येत राहिले.

बाबू गेनूसारखे लाखभर लोक गिरण्यांत होते, आणि मुंबई दाखवणारे खरे वाटाडे तेच. गावाहून भाऊ, मेहुणा, म्हातारे वडील आले की रविवारची सुट्टी त्यांची. पण मुंबईची कीर्ती त्यांच्याही आधी तमाशाच्या फडांतून गावोगाव गेलेली असे. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली. पुढे अण्णा भाऊ साठ्यांनीही ‘मुंबईची लावणी’ रचली आणि तीत मलबार हिलसोबत झोपड्या आणि फूटपाथही दाखवले. दोन्ही लावण्या एका अर्थाने शहराची सहलच आहेत. फक्त वाटाडे वेगळे.

गणपतीला किंवा शिमग्याला गावी निघालेल्या चाकरमान्याची पत्र्याची ट्रंक म्हणजे मुंबईच्या बाजारपेठेची फिरती शाखा. कटपीसचं कापड, बायकोला लुगडं, पोरांना पिपाण्या, चहापूड, बिस्किटाचे पुडे, आईला सुपारीचा अडकित्ता. आणि माहीमचा हलवा. तुपाने निथळणारे पातळ चौकोनी थर, मधे कागद, वर वेलदोडा-पिस्त्याची पखरण. हा हलवा प्रवासात विटत नाही, मोडत नाही, आणि एका डब्यातून अख्ख्या वाडीला वाटता येतो. गावी न्यायच्या खाऊत तो टिकून राहिला त्याचं कारण चवीइतकंच हेही असावं.

गेटवेची गोष्टही पाहुण्याचीच, जरा विनोदी. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ला अपोलो बंदरावर उतरणार म्हणून ही कमान ठरली. प्रत्यक्षात राजा-राणीला दिसली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती, कारण जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यालाच मंजुरी मिळाली १९१४मध्ये आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ला. ज्याच्यासाठी बांधलं त्याने बघितलं नाही. बघितलं ते शेजारच्या बंदरावरून घारापुरीची बोट धरणाऱ्या लाखो सामान्य माणसांनी. तिथे पाहुण्याने विकत घ्यायची वस्तू ठरून गेली: स्वतःचा फोटो. गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्यांचा अल्बम घेतलेले फोटोवाले आजही मागे लागतात. पूर्वी फोटो पोस्टाने गावी येई. आता खांद्याच्या पिशवीतच छोटा प्रिंटर असतो. मोबाइलने त्यांच्या धंद्याचं कंबरडं मोडलं, तरी कागदावरच्या फोटोला गिऱ्हाईक अजून आहे.

स्वातंत्र्यानंतर बघण्याच्या यादीत भर पडली ती पोराबाळांना धरून. १९५१मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय, १९५२मध्ये मलबार हिलवर कमला नेहरू पार्क आणि त्यातला म्हातारीचा बूट. या बुटाचं स्थापत्यदृष्ट्या काही महत्त्व नाही. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्यातल्या साठीच्या माणसाला मुंबईत लहानपणी काय बघितलं विचारा, व्ही.टी.च्या आधी बूट येईल. १९६१मध्ये कारमायकल रोडवर उषाकिरण ही पंचवीस मजली इमारत झाली. तिचे मजले मोजणं हाही एक कार्यक्रम होता; एकाचे चोवीस भरत, दुसऱ्याचे सव्वीस. १९७७मध्ये वरळीला नेहरू तारांगण आलं. ट्राम मात्र ३१ मार्च १९६४ला बंद झाली होती. खाजगी बसवाल्यांची ‘मुंबई दर्शन’ हीच आता फेरी झाली: सकाळी दादरहून निघायचं आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. दरवेळी एक कुटुंब हरवतं आणि सगळी बस त्यांच्या नावाने शंख करत बसते.

मराठी खरेदीही तोवर गिरगाव-भुलेश्वरातून दादरला सरकली होती. रानडे रोड, प्लाझाचा परिसर, स्टेशनबाहेरचा फुलबाजार. पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांच्या गाड्या जिथे भेटतात तिथे बाजार जमणारच. भुलेश्वर संपलं नाही, पण तिथे जाणं म्हणजे मुद्दाम जाणं झालं.

१९८२च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यातल्या बहुतेकांसाठी तो कधी संपलाच नाही. गावच्या पाहुण्याला रविवारी हिंडवून आणणारा माणूसच गिरणगावातून उठला. काही वर्षांनी लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. धुराडं राहिलं, माग गेले, कपडे आले.

त्याआधी १९९९मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स हा मुंबईचा पहिला मोठा मॉल उघडला होता. उघडल्या उघडल्या तिथे जी झुंबड उडाली, ती खरेदीची नव्हती. सरकते जिने, काचेची लिफ्ट, गारवा, चकचकीत फरशी बघायला लोक कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन आले. दोनदा-तीनदा जिन्याने वर गेले, खाली आले, आणि हात हलवत बाहेर पडले. चालकांना हे परवडेना. त्यांनी दारात अट घातली: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा. त्या वर्षी मोबाइल म्हणजे श्रीमंताच्या हातातली वस्तू. दुकान बघायला पैसे मागणारा हा बहुधा मुंबईतला पहिलाच दुकानदार. टीका खूप झाली आणि ती अट फार दिवस टिकली नाही. पुढे जे मॉल आले त्यांनी शहाणपणा केला. दार सगळ्यांना मोकळं ठेवलं, आणि बघे थकून ज्या मजल्यावर पोचतात तिथे खाण्याचे स्टॉल मांडले. काळबादेवीतल्या कापडवाल्याने गिऱ्हाइकाला चहा पाजत दहा ठाण उलगडण्यामागचा हिशेबही याहून वेगळा नव्हता. फरक इतकाच की तो चहाचे पैसे घेत नसे.

राणीच्या बागेचं मात्र उलट झालं. तिचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. प्रवेशाला मोठ्या माणसाला पाच रुपये होते. २०१६मध्ये दक्षिण कोरियातून हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन आणले. त्यांच्यासाठी थंड पाण्याचं, काचेचं दालन उभारलं. त्यातला एक लवकरच दगावला, त्यावर महापालिकेत आणि वर्तमानपत्रांत रणकंदन झालं. मार्च २०१७मध्ये दालन लोकांना खुलं झालं आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून तिकीट झालं ५० रुपये, आईबाप आणि दोन मुलं अशा चौघांना मिळून १००. पाचाचे पन्नास झाल्यावर गर्दी ओसरेल असं काहींना वाटलं होतं. सुट्टीच्या दिवशी भायखळा स्टेशनवरून बागेकडे जाणारी रांग बघितली की त्यांचा अंदाज किती चुकला ते कळतं. फाटकाबाहेर फुगेवाले, काकडीवाले, पिपाणीवाले यांची दुकानं आता सकाळपासूनच लागलेली असतात, आणि आत जाण्याआधीच पोरांची निम्मी खरेदी उरकलेली असते.